एफवायचं विद्युत प्रात्यक्षिक नव्यानं बसवताना : प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४

पहिल्या वर्षाला ओहमच्या नियमाचं प्रात्यक्षिक वर्षानुवर्षं तेच आहे. रिओस्टॅट, अमीटर, व्होल्टमीटर, आलेख, उतार, जर्नलवर सही. उतार बरोबर येतो. पण त्याच विद्यार्थ्यापुढे एक सेल आणि दोन दिवे ठेवून 'कोणता जास्त प्रकाशेल आणि का?' असं विचारलं की गाडी अडते.

ही अडचण जगभरची आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅकडरमॉट आणि पीटर शेफर यांनी १९९२ मध्ये मांडलेला पाच दिव्यांचा प्रश्न आम्ही पाया म्हणून घेतला आहे. तीन सारख्या आदर्श बॅटऱ्या, म्हणजे काहीही जोडलं तरी व्होल्टेज न उतरणाऱ्या. पहिलीला एकच दिवा (अ), दुसरीला एकसर, म्हणजे एकापाठोपाठ, जोडलेले दोन (ब, क), तिसरीला समांतर, म्हणजे प्रत्येक थेट बॅटरीला, जोडलेले दोन (ड, इ). प्रकाशाप्रमाणे क्रम लावायचा. अ, ड, इ सारखे, आणि ब, क त्यांच्यापेक्षा मंद पण एकमेकांसारखे, हे उत्तर. आकडेमोड अजिबात नाही. तरीही अमेरिकेतल्या विद्यापीठांत हा भाग शिकवून झाल्यावर विचारलं तेव्हा बरोबर क्रम लावणारे सुमारे १५ टक्केच निघाले होते.

चुकीच्या उत्तरांमागे मुख्यतः तीन समजुती असतात. करंट वाटेत खर्च होतो. बॅटरी काहीही जोडलं तरी तेवढाच करंट देते. आणि सर्किटमध्ये एका जागी बदल केला तर परिणाम फक्त 'पुढच्या' भागावर होतो. या तिन्हींना हात घालणारी तीन प्रात्यक्षिकं, प्रत्येकी दोन तासांची, तिघांच्या गटासाठी बसवायची आहेत. सामान: दिवे, सेल, वायर. मीटर शेवटी.

६ जुलै

बाजार. टॉर्चचा स्क्रूचा छोटा बल्ब मागितला की दुकानदार आता त्याच मापाच्या बैठकीतला एलईडी हातात ठेवतो. तो चालणार नाही. एलईडीला दिशा असते आणि ठरावीक व्होल्टेजच्या खाली तो पेटतच नाही. म्हणजे एकसर जोडणीत 'मंद' ही अवस्थाच विद्यार्थ्याला दिसणार नाही. तंतूचाच दिवा हवा.

२.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचे तंतूचे दिवे शाळांना प्रयोगसाहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळाले. सुटे घेऊ नयेत. एकाच लॉटचं अख्खं खोकं घ्यावं. कारण पुढच्या नोंदीत.

११ जुलै

खोक्यातले कोणतेही दोन दिवे उचलून एकसर जोडले. एक ठळक, दुसरा स्पष्ट मंद. जागा बदलल्या तरी ठळक तो ठळकच राहिला, म्हणजे फरक दिव्यांचा आहे, जागेचा नाही. आपल्याला हे लगेच कळतं. पण 'पहिला दिवा करंट खातो, दुसऱ्याला उरलेला मिळतो' असं मनात धरून बसलेल्या मुलासमोर हीच जोडणी आली, आणि ठळक दिवा बॅटरीच्या धन टोकाकडे असला, तर प्रयोगानंच त्याची चुकीची समजूत पक्की केली. पुढे फळ्यावर कितीही समजावलं तरी डोळ्यांनी पाहिलेलं पुसलं जात नाही.

फरक एवढा का दिसतो? तंतूच्या दिव्यात करंट व्होल्टेजच्या अंदाजे ०.५५ व्या घातानं वाढतो आणि प्रकाश अंदाजे ३.५ व्या घातानं. म्हणजे करंटच्या हिशेबात प्रकाश सहाव्या घाताच्याही वर जातो. एकसर जोडणीत करंट दोघांतून सारखाच, पण ज्या दिव्याला मुळात कमी करंट लागतो त्याचा तंतू जास्त तापतो. करंटमध्ये ५ टक्के तफावत असेल तर प्रकाशात तिसऱ्या हिश्श्याएवढी पडते. २ टक्क्यांच्या आत आणली तर सुमारे १३ टक्के; ती नजरेला जेमतेम जाणवते.

आमच्या खोक्यात २.५ व्होल्टला २८५ पासून ३१८ मिलिअँपिअरपर्यंत दिवे निघाले. या दोन टोकांची जोडी लावली तर एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट प्रकाशतो. छापील आकडा सगळ्यांवर एकच.

या प्रकल्पाचं पहिलं काम म्हणून दिवे निवडणं धरलं आहे, वर्कशीट लिहिणं त्यानंतर.

१५ जुलै

दिवे निवडायची पद्धत ठरली. एमएस्सीच्या विद्यार्थ्यांनी ती पुढेही अशीच वापरावी:

१. नवा दिवा २.५ व्होल्टवर पाच मिनिटं जळू द्या. नव्या तंतूचा करंट सुरुवातीला थोडा सरकतो.

२. दिव्याशी एकसर १ ओहम, १ टक्का अचूकतेचा रोध जोडा. पाव वॅटचा पुरतो, कारण ०.३ अँपिअरला त्यात ०.०९ वॅटच खर्च होतो. रोधावरचे मिलिव्होल्ट म्हणजेच करंटचे मिलिअँपिअर. मल्टिमीटर २००० मिलिव्होल्टच्या रेंजवर. १० अँपिअरच्या रेंजवर मोजू नका. तिथे शेवटचा अंक १० मिलिअँपिअरचा असतो आणि आपल्याला त्याहून बारीक फरक पकडायचे आहेत.

३. दुसरा मीटर थेट दिव्याच्या टोकांवर. पॉवर सप्लाय असा फिरवा की दिव्यावर बरोबर २.५० व्होल्ट येतील. सप्लायवरचा आकडा पाहून चालणार नाही, त्यात रोधाचाही वाटा असतो.

४. तीस सेकंद थांबून वाचन. मग दिव्यावर १.२५ व्होल्ट ठेवून पुन्हा. पूर्ण व्होल्टेजला जुळलेली जोडी अर्ध्या व्होल्टेजला नेहमी जुळतेच असं नाही, आणि एकसर जोडणीत दिवे चालणार आहेत ते अर्ध्यावरच.

५. ६ मिलिअँपिअरच्या पट्ट्यांत गट करा. खूण पितळी टोपीवर नेलपॉलिशच्या ठिपक्यानं, प्रत्येक गटाला वेगळा रंग. मार्कर उष्णतेनं आणि हाताळण्यानं उडतो.

वाचन हलत असेल तर आधी दिवा होल्डरमध्ये आवळून बघा. तळाचा कथिलाचा ठिपका मळलेला असेल तर बारीक पॉलिशपेपरनं एकदा घासा.

सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त करंटचे दिवे टाकायचे नाहीत. त्यांना लाल ठिपका देऊन वेगळ्या डबीत ठेवलं आहे. ती मुद्दाम न जुळणारी जोडी तिसऱ्या प्रात्यक्षिकात प्रश्न म्हणून येईल, पण सारख्या दिव्यांवर मॉडेल पक्कं झाल्यानंतरच.

२२ जुलै

सेल. साध्या झिंक-कार्बन पेन्सिल सेलची जोडी घेतली. काही न जोडता ३.१० व्होल्ट, एका दिव्याला २.७८, समांतर दोन दिव्यांना २.५०. जोडीचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलचा स्वतःचा रोध, १ ओहमच्या आसपास. ३.५ वा घात लावला तर दुसरा दिवा जोडताच पहिल्याचा प्रकाश सुमारे ३० टक्के उतरतो. 'बॅटरीचा करंट ठरलेला, तो आता दोघांत वाटला गेला' ही दुसरी समजूत याच दृश्यावर पोसली जाते. आणि अ = ड = इ हे उत्तर मुलांना कधी दिसणारच नाही.

रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घेतले. त्यांचा अंतर्गत रोध ओहमच्या काही शतांश भागांएवढाच असतो, आणि दोन सेल मिळून दिव्याला हवे तेवढेच, म्हणजे २.५ व्होल्टच्या आसपास मिळतात. झिंक-कार्बनच्या ताज्या जोडीवर एकटा दिवा मर्यादेपेक्षा वर चालतो; तंतूचं आयुष्य व्होल्टेजच्या बाराव्या किंवा त्याहून मोठ्या घातानं घटतं, म्हणून तेही नको.

अडचण एकच, पण गंभीर. कमी अंतर्गत रोध म्हणजे शॉर्ट झाल्यावर प्रचंड करंट. वायरचं प्लास्टिक वितळतं, बोट भाजतं. प्रत्येक सेल-होल्डरच्या धन टोकाला २ अँपिअरचा काचेचा फ्यूज कायमचा बसवला. आपोआप पूर्ववत होणारा पॉलिफ्यूजही पाहिला, पण त्याचा स्वतःचा रोध ओहमच्या दहाव्या भागांत जातो आणि समांतर जोडणीत मंदपणा परत येतो. काचेचा फ्यूज उडाला की बदलावा लागतो, हे चालेल. शॉर्ट झालं हे गटाला कळायलाच हवं.

चार्जरवरून नुकते काढलेले सेल १.४ व्होल्टपर्यंत दाखवतात. तासाच्या आधी दहा मिनिटं एखाद्या दिव्यावर चालवून घ्यावेत.

२९ जुलै

आठवडाभर संततधार. तयार मिळणाऱ्या क्रोकोडाइल क्लिपच्या वायरींनी त्रास दिला: त्याच गटाचे दिवे, तेच सेल, तरी ड आणि इ वेगळे. या वायरींत तार क्लिपमध्ये नुसती दाबलेली असते. दमट हवेत तिथे थर चढतो आणि रोध वाढतो. काहींमध्ये तारच इतकी बारीक की कोरडी असतानाही उपयोग नाही.

तपासणी सोपी आहे. वायरमधून ०.३ अँपिअर सोडा आणि दोन टोकांमध्ये मिलिव्होल्ट बघा. ३० च्या वर म्हणजे रोध ०.१ ओहमपेक्षा जास्त. ती वायर बाद, किंवा क्लिपचं रबर मागे सारून तारेला डाग द्या (सोल्डर करा) आणि पुन्हा मोजा. डाग दिल्यावर बहुतेक सुधारतात. होल्डरच्या लोखंडी पट्ट्या गंजतात, म्हणून सगळे होल्डर पितळी पट्टीचे. किटच्या डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि डबा झाकणाचाच.

५ ऑगस्ट

वर्कशीटचा आराखडा, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. प्रत्येक टप्प्याचा क्रम ठरलेला: एकट्यानं भाकीत आणि कारण, पेननं, मग गटात चर्चा, मग जोडणी, मग जे दिसलं ते, आणि भाकीत चुकलं असेल तर कारणातला कोणता शब्द बदलावा लागेल ते. पेन्सिल चालणार नाही. पेन्सिलनं लिहिलेलं भाकीत दिवा पेटल्यावर खोडलं जातं, आणि मग विचार कुठे वळला याचा मागच राहत नाही. भाकीत चुकलं म्हणून गुण कापायचे नाहीत, हे पानाच्या वरच ठळक छापलं आहे. गुण कारण लिहिण्याला.

पहिला प्रश्न मुद्दाम अगदी साधा: एक सेल, एक दिवा, एकच वायर, होल्डर नाही. दिवा पेटवा. दिव्याला दोन वेगळी टोकं असतात, एक बाजूचं पितळ आणि एक तळाचा ठिपका, हे होल्डर वापरला की झाकलं जातं. बारावीपर्यंत सर्किटची चित्रं काढलेली मुलंही वायर आणि सेलचं टोक दोन्ही तळाच्या ठिपक्यालाच लावून बघतात. इथे वेळ गेला तर जाऊ द्यावा.

१२ ऑगस्ट

वर्कशीट छापायच्या आधी काही विद्यार्थ्यांशी एकेकट्यानं बोलणं झालं. संमतीपत्र आधी, नाव नोंदवायचं नाही, कागद-पेन समोर, मोठ्यानं विचार करायला सांगायचं. विचारणाऱ्यानं फक्त 'अजून सांग' आणि 'हे कशावरून?' एवढंच म्हणायचं.

उपयोग लगेच झाला. मसुद्यात 'दिव्यांच्या तेजस्वितेची तुलना करा' असं होतं. 'कोणता दिवा जास्त प्रकाशतो?' असं केल्यावर उत्तरं लांब आणि मोकळी आली. शिवाय ब आणि क दिवे चित्रात डावी-उजवीकडे काढले की 'पहिला' आणि 'दुसरा' ही भाषा सुरू होते. एकावर एक काढले की कमी होते. पहिल्या पानावर डावी-उजवीकडेच ठेवले आहेत. समजूत बाहेर यायला हवी.

२० ऑगस्ट

पहिली बॅच. एका टेबलावरचं संभाषण एमएस्सीच्या विद्यार्थिनीनं जसंच्या तसं टिपलं आहे. हिरव्या ठिपक्याचे दोन दिवे, एकसर. भाकीत: ब ठळक, क मंद.

'ताई, दुसरा थोडा मंदच आहे.'
'बाकी दोघांना कसा वाटतो?'
'सारखेच दिसतायत मला.'
'नाही, नीट बघ, आहे मंद.'
'बरं, दिव्यांची अदलाबदल करा. आधी लिहा, आता कोणता मंद दिसेल.'
अदलाबदल. बराच वेळ कोणी बोललं नाही.
'सारखेच आहेत... पण मग पहिल्यानं करंट वापरला कुठे?'

हा प्रश्न यावा यासाठीच सगळा खटाटोप आहे. इथून पुढे अमीटर. ब च्या आधी, दोघांच्या मध्ये, क च्या नंतर: तिन्ही ठिकाणी ०.२० अँपिअर. मीटर सुरुवातीलाच दिला असता तर हे तीन आकडे जर्नलमध्ये उतरवून गट मोकळा झाला असता.

एकट्या दिव्याला ०.३० आणि एकसर दोघांना ०.२०. ज्यांना आकडेमोड येते ते 'रोध दुप्पट, म्हणजे ०.१५ यायला हवा' म्हणून अडतात. हा गोंधळ चांगला आहे, पण या तासाचा नाही. तंतू थंड झाल्यावर त्याचा रोध कमी होतो हे तिसऱ्या प्रात्यक्षिकात येतं: २.५ व्होल्टवर तापलेल्या दिव्याचा रोध ८ ओहमच्या वर, आणि तोच बंद करून मीटरनं मोजला तर १ ओहमच्या आसपास. तोपर्यंत शिक्षकानं 'नोंद करून ठेवा, परत येऊ' एवढंच म्हणावं.

२८ ऑगस्ट

एकसर तीन दिवे. प्रत्येकाच्या वाट्याला ०.८३ व्होल्ट, प्रकाश पूर्णाच्या दोन टक्क्यांएवढा. खिडकीजवळच्या टेबलांवर दिवे चक्क विझलेले वाटतात. गटांनी लिहिलं: 'करंट नाही, बॅटरी कमी पडली.' प्रत्यक्षात ०.१६ अँपिअर वाहतो आहे.

उपाय: काळ्या कार्डपेपरची नळी, ८ सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर व्यासाची. दिव्यावर ठेवून एका डोळ्यानं आत बघायचं. तंतू लालसर दिसतो. मग एका दिव्याच्या दोन्ही टोकांना वायर टेकवायची. उरलेले दोघे, वायरच्या आधीचा आणि नंतरचाही, उजळतात. 'बदल फक्त पुढे होतो' ही तिसरी समजूत इथे हलते. वायर मधल्या दिव्यावरच टेकवायला सांगावी, म्हणजे दोन्ही बाजू एकदम दिसतात.

३ सप्टेंबर

एमएस्सीच्या विद्यार्थ्यांची तयारी. ते स्वतः बी.एस्सी.ला जुन्या पद्धतीनं शिकलेले, त्यामुळे उत्तर सांगून टाकायची घाई असते. दर आठवड्याला बॅचच्या आधी त्यांनीच विद्यार्थी होऊन सगळी वर्कशीट पेननं सोडवायची. टेबलावर गेल्यावर दोन नियम: विद्यार्थ्याच्या हातातली वायर आपण घ्यायची नाही, आणि 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायच्या आधी कारण ऐकायचं. बरोबर उत्तराचं चुकीचं कारण बरंच आढळतं. ब आणि क सारखे, 'कारण दोघं करंट अर्धा-अर्धा वाटून घेतात' हे त्यातलं नेहमीचं. त्यावर विचारायचा प्रश्न: 'मग दोघांच्या मधल्या वायरमध्ये किती?'

१९ सप्टेंबर

मोजमाप. एंगेलहार्ट आणि बाइकनर यांची २००४ ची डायरेक्ट ही सर्किटची समज तपासणारी चाचणी, २९ बहुपर्यायी प्रश्न. सत्राच्या आधी घेतली होती, शेवटी पुन्हा घ्यायची. तुलनेसाठी हेक यांचा सामान्यीकृत लाभ: (नंतरचे टक्के वजा आधीचे) भागिले (१०० वजा आधीचे). वर्ग ४० वरून ७० वर गेला तर ३० भागिले ६०, म्हणजे ०.५. हेक यांनी १९९८ मध्ये यांत्रिकीच्या चाचण्यांवर ६५४२ विद्यार्थ्यांचे आकडे मांडले. पारंपरिक वर्गांची सरासरी ०.२३ आणि विद्यार्थ्यांना गुंतवून ठेवणाऱ्या वर्गांची ०.४८ आली होती. आपला विषय वेगळा असल्यानं ते आकडे दिशा म्हणून वापरायचे, लक्ष्य म्हणून नाही.

पाळायच्या गोष्टी: दोन्ही चाचण्या दिलेल्यांचेच आकडे धरायचे, नाहीतर सत्रात गळालेल्या मुलांमुळे लाभ फुगतो. प्रश्नपत्रिका मोजून परत घ्यायच्या. चाचणीतला एकही प्रश्न तासात सोडवायचा नाही. गुण धरायचे नाहीत. जुनं प्रात्यक्षिक करणाऱ्या बॅचना शेवटच्या चाचणीनंतर नवं किट मिळेल, वेळापत्रकात तास राखून ठेवला आहे. तुलनेपायी कोणाचं शिकणं हुकू नये.

२७ सप्टेंबर

व्याख्यानाच्या तासालाही जोड दिली. एरिक मझूर यांनी हार्वर्डमध्ये १९९१ पासून वापरलेली पद्धत: प्रश्न, एकट्यानं मत, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत. यंत्रं नकोत, चार रंगांची कार्डं पुरतात. कार्ड छातीशी धरून एकाच वेळी पुढे करायचं, नाहीतर मागचे पुढच्यांचा रंग बघून ठरवतात. बरोबर मतं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तरच चर्चेला अर्थ. त्याहून कमी असतील तर चर्चेत चूकच पसरते. आधी एखादा दुवा द्यावा.

१४ ऑक्टोबर

संलग्न महाविद्यालयांना पाठवायचा डबा, एका गटासाठी: एकाच रंगाच्या ठिपक्याचे पाच दिवे (एक जादा), लाल ठिपक्याची एक जोडी, पितळी होल्डर चार, फ्यूज बसवलेला सेल-होल्डर एक, रिचार्जेबल सेल दोन, तपासलेल्या डाग दिलेल्या वायरी दहा, काळी नळी, सिलिका जेल. दिवा बदलताना दुसऱ्या रंगाचा घालू नये, हे झाकणाच्या आत चिकटवलं आहे.

मल्टिमीटर दोन, आणि त्यांची कामं ठरलेली. स्वस्त मीटरमध्ये २०० मिलिअँपिअरच्या रेंजचा फ्यूज आपल्या ०.३ अँपिअरला उडतो आणि मीटर 'शून्य' दाखवत राहतो. गट तोच शून्य लिहून मोकळा होतो. म्हणून करंटच्या मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात टेपनं पक्की केली आहे. या भोकाला अशा मीटरमध्ये बहुधा आतून फ्यूज नसतो. मीटर चुकून बॅटरीवर समांतर लावला तर सेल-होल्डरवरचा २ अँपिअरचा फ्यूजच वाचवतो. तो उडाला म्हणून कोणी तिथे तारेचा तुकडा घालू नये. प्रत्येक डब्यात दहा जादा फ्यूज ठेवले आहेत, आणि पुढच्या मागणीत दिव्यांच्या आधी त्यांचंच नाव घातलं आहे.